घोडा, नालबंद आणि मामांची गाडी

गेल्या आषाढात शहापूर तालुक्यातील माझ्या मामांच्या अंगणात एक गाडी खाली बसली. ‘बसली’ हा शब्द मी शब्दशः वापरते आहे. रात्री चारही चाकांवर ताठ उभी केलेली ती पांढरी एसयूव्ही सकाळी मागच्या डाव्या बाजूला वीतभर कललेली होती, दमलेल्या बैलाने एक गुडघा टेकावा तशी. मामांनी प्रथम चाक पाहिले. हवा ठीक होती. दुपारपर्यंत दुसरी बाजूही खाली आली आणि काचेसमोरच्या पडद्यावर इंग्रजीत एक इशारा उमटला. तो वाचून मामांनी मला फोन केला, कारण घरात इंग्रजी ‘नीट’ येणारी मीच, असा एक गैरसमज आहे.

मंडळी, आजचा धागा या गाडीविषयी आहे, आणि तेराव्या शतकातील घोड्यांविषयीही. धागा लांब आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावा.

गाडी आली कशी, ते आधी सांगते, कारण आमच्या भागाचा अलीकडचा इतिहास त्यात आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, लांबी ७०१ किलोमीटर, शहापूर तालुक्यातून जातो. त्यासाठीच्या बहुतेक जमिनी थेट खरेदीने घेतल्या गेल्या आणि मोबदला बाजारमूल्याच्या सुमारे पाचपट ठरला. शहापुरात आरंभी विरोध झाला, मग हळूहळू सह्या झाल्या. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. वरकस जमिनीवर नाचणी-वरी घेणाऱ्या कुटुंबांच्या खात्यात, आजोबा-पणजोबांनी कधी मोजली नव्हती एवढी रक्कम एकदम आली. मामांच्या पैशातून घर झाले, मामेबहिणीचे लग्न झाले, काही रक्कम ठेवीत गेली. उरलेल्यातून मुंबईच्या एका गृहस्थाकडून ही सात वर्षांची परदेशी एसयूव्ही आली. कंपनीचे नाव सांगत नाही. किंमत मात्र सांगण्याजोगी होती: मूळ किमतीच्या पावपट, म्हणजे शोरूममधल्या एखाद्या साध्या नव्या गाडीएवढी.

गावात अशा खरेदीची थट्टा होते. शहरात अधिक होते. ‘जमीन विकली आणि गाडी घेतली’ हे वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते. मला ती थट्टा आवडत नाही. वाहन हे प्रतिष्ठेचे चिन्ह आहे हे आमच्या मामांनी शोधून काढलेले नाही. पेशवाईत पालखीचा मान मिळावा म्हणून मोठमोठे सरदार झुरत असत. पण तेव्हा दरबाराला एक गोष्ट नेमकी ठाऊक होती. पालखी देताना तिच्या खर्चाची वार्षिक नेमणूकही बांधून दिली जाई, कारण पालखी एकदाच मिळते, पण भोई रोज जेवतात.

आता घोड्यांकडे वळू.

मार्को पोलोने आपल्या प्रवासवृत्तांतात ‘ताना’ नावाच्या राज्याचे वर्णन केले आहे. ते आपले ठाणे. काळ तेराव्या शतकाची अखेर. येथून चामडे आणि सुती कापड निर्यात होते, असे तो नोंदवतो आणि पुढे एक चमत्कारिक माहिती देतो. येथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता: लुटीतले सोनेनाणे, कापड, जे काही असेल ते चाच्यांनी ठेवावे, घोडे मात्र राजाला द्यावेत. कारण राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते, आणि परदेशातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जहाजावर घोडे असत. अरबी घोडा ही त्या काळातील आयात केलेली आलिशान गाडीच होती.

याच पुस्तकात, तमिळ किनाऱ्याविषयी लिहिताना, पोलो आणखी एक गोष्ट सांगतो, आणि या धाग्याचे मूळ तिच्यात आहे. तिथले राजे दरवर्षी हजारो घोडे विकत घेत आणि वर्षअखेर त्यांतले थोडेच जिवंत राहत. का? घोड्यांची निगा राखणारे जाणकार, म्हणजे नालबंद आणि वैद्य, तिथे नव्हते. पोलोच्या म्हणण्याप्रमाणे घोडे आणणारे व्यापारी असे जाणकार सोबत आणत नसत आणि कोणाला येऊही देत नसत. घोडे मरत राहिले, तरच पुढच्या वर्षी नवे खपणार.

व्यापाऱ्यांचा असा कट खरोखर होता की नाही, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पोलो ऐकीव गोष्टीही उत्साहाने लिहितो. दमट हवा आणि चुकीचा चारा एवढ्यानेही अरबी जनावर मरू शकते. परंतु त्याने मांडलेला प्रश्न मोलाचा आहे. वाहन कोणाचे, हा अर्धाच प्रश्न झाला. त्याचा नालबंद कोणाच्या ताब्यात आहे, हा उरलेला अर्धा.

मामांच्या गाडीचा नालबंद मुंबईत होता. आमच्या भागातला मेस्त्री कोणत्याही ट्रॅक्टरचा आवाज लांबून ऐकून दुखणे सांगतो. तो आला, गाडीखाली वाकला, उठला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “मामा, हिच्यात कमानपाटे नाहीत. हिला हवेचे फुगे आहेत.” एअर सस्पेन्शनमध्ये पोलादी स्प्रिंगच्या जागी रबराच्या पिशव्या असतात आणि एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. रबर वयाने तडकते, हवा झिरपू लागते. कॉम्प्रेसर ती भरून काढण्यासाठी रात्रंदिवस धापा टाकतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे पिशवीची गळती वेळीच थांबवली तर खर्च एका पिशवीचा. ‘चालते आहे तोवर चालू द्या’ म्हटले, तर पिशवी आणि कॉम्प्रेसर दोन्ही. शिवाय नवा भाग बसवला तरी बहुधा कंपनीच्या स्कॅनरने संगणकाला त्याची ओळख करून द्यावी लागते. पोलोचे व्यापारी आज असते, तर त्यांना ही पद्धत फारच पसंत पडली असती.

याच्या नेमकी उलट व्यवस्था महाराष्ट्राने पाहिली आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, ही उतरंड आपण शाळेत पाठ केली. पाठ्यपुस्तकात बहुधा गळणारा तपशील असा की, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल. पंचवीस वाहनांमागे एक सर्व्हिस सेंटर, तेही सोबत चालणारे!

मालकीचा प्रश्नही त्या काळाने सोडवून पाहिला होता. बारगीर म्हणजे सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा स्वार. घोडा, त्याचा चारा, त्याचे दुखणे, सारे सरकारचे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि शस्त्रे घेऊन येई. शिलेदाराचा मान अधिक होता, पण घोडा पडला की त्याची उपजीविकाच पडली. साहजिकच ऐन रणात तो घोडा जपून घाली. शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता, तो उगाच नव्हे. आज लग्नापुरती भाड्याने आलिशान गाडी आणणाऱ्याला आपण हसतो; जुन्या भाषेत तो बारगीर आहे आणि त्याचा हिशेब चुकलेला नाही. मामा शिलेदार झाले.

शिलेदार व्हायचेच असेल, तर काय पाहावे? मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते. तिथला बैलबाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे शिकवायला नको. बैल घेणारा माणूस आधी तोंड उघडून दात पाहतो: दोन दाती, चार दाती, जुळलेला. मग चालवून पाहतो, खूर उचलून पाहतो. शिंगांना लावलेला रंग कोणी पाहत नाही. मामांनीही आयुष्यभर बैल असेच घेतले. गाडी घेताना मात्र त्यांनी रंगच पाहिला, आणि हे ते स्वतःच कबूल करतात.

गाडीचे दात म्हणजे तिच्या देखभालीच्या नोंदी. किलोमीटरचा आकडा फिरवता येतो. कंपनीच्या संगणकातील सर्व्हिसच्या नोंदी फिरवणे अवघड. घेण्यापूर्वी त्या मागवाव्यात. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर जुनेच. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवून सकाळी चारही कोपरे मोजावेत. ही एक रात्र मामांचे काही लाख वाचवू शकली असती.

सगळ्यात फसवा आकडा किमतीचा. विमा कंपन्यांच्या रूढ तक्त्यात गाडी एक वर्षाची झाली की मूल्य २० टक्क्यांनी घटलेले धरतात, दोन वर्षांनंतर ३०, तीननंतर ४० आणि चारनंतर ५० टक्के. आलिशान गाड्यांची बाजारातील घसरण याहूनही तीव्र असते. म्हणून कोटीच्या घरातील गाडी आठ-दहा वर्षांनी मामांच्या आवाक्यात येते. परंतु तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. हेडलाइटची किंमत कोटीच्या गाडीचीच राहते, सेन्सरची तीच, पिशवीची तीच. म्हातारा घोडा स्वस्तात मिळतो; चण्याचा तोबरा मात्र तरण्या घोड्याएवढाच खातो.

थोडे विषयांतर, पण ते टाळवत नाही. या गाड्यांचा मूळ पुरुष अत्यंत गरीब घरचा होता. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याला एक हलके, चारही चाकांनी ओढणारे वाहन हवे होते. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने दिला, पण उत्पादन मुख्यतः विलीज आणि फोर्ड यांनी केले. युद्ध संपेतो सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिने मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली.

त्याच सुमारास वेल्सच्या अँगलसी बेटावर रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातील एक जुनी विलीज जीप वापरत होते. ती मोडली तर पर्याय काय, या विचारातून लँड रोव्हर जन्मली. १९४८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. पोलादाचे रेशनिंग असल्याने तिचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते. म्हणजे माझगावची जीप आणि लँड रोव्हर चुलत भावंडे. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली. आज जिच्या आसनांवर चिखलाचा थेंब पडला तर मालकाचा जीव कासावीस होतो, ती गाडी मुळात आतून पाण्याच्या नळीने धुता यावी अशी बनवली होती! पुढे २००० मध्ये ही कंपनी फोर्डकडे गेली, म्हणजे युद्धात जीप बनवणाऱ्याच्याच घरी. २००८ मध्ये टाटांनी जग्वारसह ती २.३ अब्ज डॉलरला घेतली, २०११ पासून पुण्यात तिच्या काही गाड्यांची जोडणी सुरू झाली आणि २०२४ मध्ये खुद्द रेंज रोव्हर पुण्यात जोडली जाणार असे जाहीर झाले. इंग्लंडबाहेर प्रथमच.

चुलत भावंडांचे नशीब आमच्या रस्त्यांवर मात्र वेगळे झाले. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर एसटी चुकली की काळी-पिवळी जीपच आधार होती. दहा माणसांच्या जागी सोळा. तिच्यात बिघडण्यासारखे फार काही नव्हते आणि जे बिघडे ते रस्त्याच्या कडेला, पान्याने, तारेने, प्रसंगी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने दुरुस्त होई. पूर्वीही हाच भेद होता. अरबी घोडा देखणा, पण सह्याद्रीत टिकले ते भीमथडीचे तट्टू: बुटके, काटक, मिळेल ते खाणारे. मराठ्यांच्या वेगवान हालचालींचे बरेचसे श्रेय या तट्टांकडे जाते. चित्रांत मात्र नेहमी अरबी घोडाच असतो.

आता पावसाळा. याविषयीचा माझ्या मते सर्वोत्तम दस्तऐवज शिवछत्रपतींचा आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणच्या बाजूस छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले ते पत्र तुमच्यापैकी अनेकांनी ‘रयतेची काळजी’ या मथळ्याखाली वाचले असेल. ते रयतेविषयी आहेच. पण ते पुन्हा वाचा, या वेळी देखभालीची सूचनापुस्तिका म्हणून. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत आताच उधळाल, तर पुढे मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्यांना उपद्रव द्याल. शेवटी आगीचा इशारा आहे: गवताच्या गंजीजवळ कोणी चूल मांडील, कोणी चिलीम ओढील, आणि रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल.

राजाने उंदराचा विचार केला होता! आमच्याकडे भात लावणीनंतर शेतात पाणी भरते आणि उंदीर उबदार, कोरडी जागा शोधत घराकडे येतात. बॉनेटखाली इंजिन ऊबदार असते, वायरींचे आवरण कुरतडायला मऊ असते. आलिशान गाडीत सेन्सरच्या वायरींचे जाळे दाट, आणि एक वायर तुटली तरी गाडी रुसते. तंबाखूची पाने किंवा डांबराच्या गोळ्या ठेवण्यावर माझा फारसा विश्वास नाही. गाडी भाताच्या कणगीपासून आणि गोठ्यातील पेंड-भुशापासून लांब उभी करावी, बॉनेट आठवड्यातून दोनदा उघडून पाहावे आणि ती आठ-आठ दिवस नुसती उभी ठेवू नये, हे अधिक खरे. उभ्या गाडीची बॅटरीही उतरते.

मामांच्या गाडीत उंदीर नव्हते, पाणी होते. सनरूफच्या चौकटीत चार कोपऱ्यांना बारीक नळ्या असतात, पावसाचे पाणी खाली सोडणाऱ्या. गाडी आंब्याखाली उभी राहायची. मोहोर, पाने आणि धूळ यांनी नळ्या बुजल्या, पाणी छताच्या अस्तरातून उतरून गालिच्याखाली साचले. तिथेच या गाड्यांच्या वायरींचे सांधे असतात. वैशाखात, पहिल्या सरीपूर्वी, या नळ्या आणि पुढच्या काचेखालची पन्हळ साफ करणे ही दहा मिनिटांची गोष्ट आहे. आपण घराची कौले चाळतो, तशीच.

काळू आणि शाई या नद्यांवरील फरशी पुलांविषयी एक कळकळीची विनंती. गाडी ९० सेंटिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. ते संथ पाण्याचे माप आहे, पुराच्या ओढीचे नव्हे. पाणी इंजिनात शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही, दट्ट्याचा दांडा वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सुरू करून पाहू नका, ओढून बाहेर काढा. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान सहसा भरून मिळत नाही; इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते.

डिझेलची बीएस-६ गाडी (१ एप्रिल २०२० पासूनच्या सगळ्या) केवळ घर-शेत-घर अशी फिरवली, तर धुराची काजळी धरणारी जाळी तुंबते. तिला मधूनमधून मोठ्या रस्त्यावर अर्धा तास सलग वेग लागतो. ज्या रस्त्याने जमीन नेली, त्याच रस्त्यावर गाडीला तिच्या प्रकृतीसाठी फिरवून आणावे लागते, हे मामांना सांगताना मला जरा अवघडल्यासारखे झाले. कसारा किंवा माळशेज उतरताना स्वयंचलित गाडीतही गिअर खालचा ठेवावा, नुसत्या ब्रेकवर विसंबू नये. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

गाडी धुण्याविषयी लिहावे की नाही, विचार करत होते. तानसा धरण १८९२ चे. मोडकसागर आणि भातसा हेही शहापूर तालुक्यातच. मुंबईचे बरेचसे पाणी येथून जाते आणि उन्हाळ्यात येथल्याच पाड्यांवर टँकर येतात. चैत्रात हातभर नळीने गाडी धुणारा माणूस शेजारच्या बाईच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. मामा बादली आणि दोन फडकी वापरतात. रंगासाठीही तेच बरे.

राहिली कागदपत्रे. फोनवर मी मामांना विचारले, “आरसी तुमच्या नावावर झाली ना?” ते म्हणाले, “पैसे दिले, चावी घेतली, आता नावाचं काय? करू सावकाश.” विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी कितीही हातांतून गेली असली, तरी नोंदणीवर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. म्हणजे मुंबईचे ते गृहस्थ मामांच्या प्रत्येक फेरीला जबाबदार होते आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. उलट बाजूने, विमा आपल्या नावावर करून घेतला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो. गाडीवर जुने कर्ज असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि आरसीवरील बोजा उतरल्याची नोंद पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. सातबाऱ्यावरचा बोजा तपासणाऱ्या माणसांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

शेवटी मामांनी काय केले, असे विचाराल. दोन पिशव्या आणि कॉम्प्रेसर यांचा अंदाज आला, तो ऐकून मामी तासभर काही बोलल्या नाहीत. विकावी, तर बसलेल्या गाडीला भंगाराहून थोडाच अधिक भाव. मग मेस्त्रीनेच मार्ग सुचवला: काही गाड्यांत हवेच्या पिशव्या काढून साध्या पोलादी स्प्रिंग बसवता येतात. त्यामुळे उंची कमी-जास्त करण्याची सोय जाते, तो इशारा बंद करण्यासाठी संगणकात बदल करावा लागतो आणि मऊपणाही उरत नाही. विमा कंपनीला हा बदल कळवावाही लागतो. मामांनी ते करून घेतले. नोंदणी आणि विमा दोन्ही नावावर झाले. गाडी आता खड्ड्यात जीपसारखी आपटते. गेल्या महिन्यात मुरबाडला जाताना मामी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काळी-पिवळीत बसल्यासारखं वाटतंय.” मामा हसले आणि त्यांनी गिअर खाली घेतला, पुढे उतार होता.